बॅगेतले ४१ गोल्फ बॉल : प्रकल्प नोंदी, बडोदा

५ जानेवारी २०२५, रविवार

आज सातव्या होलला ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेवरून चिप मारली, म्हणजे जवळूनच बॉल अलगद उचलून टाकला. पिन, म्हणजे भोकातली काठी, पंधरा पावलांवर. बॉल पडला, दोन टप्पे घेतले आणि शहाण्यासारखा थांबला. आठव्याला जवळपास तशीच जागा, तेवढंच अंतर, तोच क्लब, म्हणजे मारायची काठी. बॉल पडला आणि जो सुटला तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावर. मी आधी क्लबकडे पाहिलं, मग मनगटाकडे. भाचा म्हणाला, "मामा, बॉलकडे बघा."

सातव्याला होता झाडीत सापडलेला कुणाचा तरी महागाचा टूर बॉल, व्यावसायिक खेळाडू वापरतात तसला. होल चांगला गेला म्हणून 'हा जपून ठेवू' असं म्हणत तो खिशात टाकला आणि आठव्याला दुसरा काढला. तो कुठल्याशा सेमिनारात फुकट मिळालेला, वर पंपाचं चित्र.

घरी येऊन बॅग पलंगावर उलटी केली. ४१ बॉल, १७ प्रकारचे. स्वतः विकत घेतलेले त्यात सहाच. बाकी सापडलेले, भेट आलेले, कुणीतरी माझ्याकडे विसरलेले. नियमाने यात काही गैर नाही. एक होल संपला की पुढच्याला बॉल बदलता येतो. शेवटपर्यंत एकाच मॉडेलचा बॉल वापरायची अट सहसा व्यावसायिक स्पर्धांतच लावतात. पण तीन वर्षं 'माझी चिप बिघडली' म्हणत मी वेज (ग्रीनजवळ वापरायचा क्लब) बदलला, ग्रिप बदलल्या, दोनदा शिकवणी लावली, आणि बॉल मात्र हाताला लागेल तो.

बडोद्यात वाढलेल्या माणसाची ही खोडच असावी. मोतीबागेच्या क्रिकेट मैदानावर बॉल पंच देत. तो मऊ पडला, शिवण उसवली, तरी कुरकुर करायची ती पंचांकडे. आपला बॉल आपण निवडायचा, हे डोक्यातच येत नाही.

तर प्रकल्प असा: मार्चअखेर एकच बॉल ठरवायचा. निवृत्त झालो तरी प्रयोगशाळेची सवय जात नाही, तेव्हा निकषांचा तक्ता आजच केला. लांब जाणं ४० गुण, सरळ जाणं २५, ग्रीनवर थांबणं १५, पटिंग (ग्रीनवर बॉल भोकाकडे घरंगळवायचे फटके, म्हणजे पट) १०, किंमत १०. भाच्याने तक्ता पाहिला आणि नुसताच हसला.

८ जानेवारी, बुधवार

नियमानुसार बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. म्हणजे वजनाला वरून वेसण, आकाराला खालून. हलका किंवा मोठा बॉल करायला कुणाची हरकत नाही, पण तो लांब जात नाही, त्यामुळे सगळे या दोन आकड्यांना चिकटून असतात.

घरचा काटा एका ग्रॅमच्या खाली बोलत नाही. म्हणून घडियाळी पोळमधल्या ओळखीच्या सोनाराकडे पिशवी घेऊन गेलो. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बॉल काट्यावरून घरंगळायला लागला, तशी त्याने खाली एक बांगडी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि बॉल बांगडीत बसवला. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढून मला हे सुचलं नव्हतं. पहिलाच ४५.६२. तो म्हणाला, "साडेचार तोळ्याच्या वर! आणि हे तुम्ही काठीने झाडीत मारून येता?"

३८ बॉल ४५.२ ते ४५.९ च्या मध्ये. दोन ४५ च्या खाली, दोन्ही जुने, साल खरवडलेले. उरलेला एक वेगळाच निघाला. सासऱ्यांच्या कपाटात सापडलेला पिवळट बॉल. वजन ठीक, पण व्हर्नियर लावला तर ४१.२ मिलिमीटर. हा जुन्या ब्रिटिश मापाचा, १.६२ इंची. अमेरिकेत १.६८ चा मोठा आणि ब्रिटिशांच्या नियमाने खेळणाऱ्यांत हा छोटा, असं कित्येक वर्षं चाललं. ब्रिटिश ओपनमध्ये मोठा बॉल सक्तीचा झाला १९७४ साली आणि छोटा नियमांतूनच गेला १९९० साली. राजवाड्याच्या आवारातलं गोल्फचं मैदान प्रतापसिंह महाराजांनी १९३० च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी करवून घेतलं. ते पाहुणे बहुधा याच मापाने खेळले असतील. सासरे गोल्फ खेळत नव्हते. बॉल त्यांच्याकडे कुठून आला हे सासूबाईंनाही सांगता येत नाही.

११ जानेवारी, शनिवार

मकरपुरा जीआयडीसीत मित्राच्या वर्कशॉपमध्ये तीन बॉल व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने कापले. सासऱ्यांचा घरीच ठेवला. जुने बॉल दोऱ्यासारखं रबर ताणून गुंडाळलेले असत, काहींच्या पोटात द्रवाची पिशवीही असे. तसल्यावर करवत चालवू नये.

पंपवाला बॉल आतून अगदी साधा: एक मोठा गोळा, वर जाड टणक साल. दुसरा, मऊ म्हणून विकला जाणारा, रचनेने तसाच, फक्त गोळ्यात नख रुतत होतं. तिसरा टूर बॉल. त्यात गाभा, गाभ्यावर एक पातळ थर आणि त्यावर एखाद्या मिलिमीटरहून पातळ साल. मित्र म्हणाला, "अंडं उकडून कापल्यासारखं दिसतंय." दिसत होतं खरं.

गाभा पॉलिब्युटाडाईन रबराचा. हे म्हणजे माझं माहेरच. आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या काळापासून हे रबर बडोद्यात बनतं, मुख्यतः टायरसाठी. त्याची मूनी व्हिस्कॉसिटी, म्हणजे रबराचा दाटपणा, मोजण्यात माझी पंधरा वर्षं गेली. त्याच रबरात जस्ताचा ॲक्रिलेट क्षार आणि पेरॉक्साइड मिसळून साच्यात तापवलं की असा उसळणारा गोळा तयार होतो. क्षार वाढवला की गोळा कडक. खोक्यावर ज्याला कॉम्प्रेशन म्हणतात, तो आकडा मुख्यतः इथेच ठरतो. मऊ बॉलचा ४० च्या आसपास, टूर बॉलचा ९०-१०० पर्यंत.

खरा फरक सालीत. स्वस्त बॉलची साल आयनोमरची, सर्लिन या नावाने ओळखतात ती. चिवट, टणक, वेजने ओरबाडली तरी फारशी उसवत नाही. महागाची साल युरेथेनची. कापलेल्या कडेवर ब्लेडचं टोक दाबून पाहिलं. युरेथेन दबलं आणि परत वर आलं, आयनोमरवरून पातं घसरलं. वेजच्या खाचा जिच्यात रुततात ती साल बॉलला फिरकी देणार, हे इथे टेबलावरच दिसलं. तरीही तक्त्यातले 'थांबण्याचे' १५ गुण मी आज बदलले नाहीत. लांबीचा मोह सुटत नाही.

१५ जानेवारी, बुधवार, वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस)

मैदानावर जाण्यात अर्थ नाही. फेअरवेभर मांजा, झाडाझाडांत पतंग. गच्चीवर तिळगूळ आणि उंधियू.

बसल्या बसल्या भाच्याने विचारलं, बॉलवर खळ्या कशाला? १८४८ पासून गटापर्चाचे गुळगुळीत बॉल आले. खेळून खेळून ओरखडे पडले की तेच बॉल जास्त लांब जातात, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं. मग लोक नवा बॉल आधीच ठोकून ओबडधोबड करायला लागले. विल्यम टेलर या इंग्रज माणसाने १९०५ मध्ये खळ्यांच्या पेटंटसाठी अर्ज केला. खळ्यांमुळे बॉलला लगटलेला हवेचा थर खवळतो, मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहतो आणि बॉलमागची पोकळी लहान होते. गुळगुळीत बॉल जेमतेम निम्मा जाईल. आजच्या बॉलवर ३०० ते ४०० च्या घरात खळ्या असतात, आणि आकडा मोठा म्हणजे बॉल चांगला असं काही नाही.

तो म्हणाला, "मग पतंगालाही खळ्या पाडू का?" त्याचा तेवढ्यात कापला गेला.

१९ जानेवारी, रविवार

चाचणीची तयारी. माझ्या पैशांनी भाच्याने चार प्रकारचे सहा-सहा बॉल आणले, छाप काळ्या मार्करने झाकले आणि क, ख, ग, घ अशी अक्षरं घातली. कोणतं अक्षर कशाचं, ते त्याच्या फोनमध्ये. मला शेवटपर्यंत सांगायचं नाही.

सकाळी सात वाजता, ग्रीनपासून तीस यार्डांवरून वेजने प्रत्येक अक्षराचे बारा फटके. बॉल पडल्यापासून थांबेपर्यंत किती पावलं, ती मोजायची. सरासरी: क ८, ख ७.५, ग ७, घ ७.५. फरक नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणजे महागाची साल हे सगळं थोतांड. तक्ता बरोबर होता.

(पुढची भर, रात्री: घरी बूट काढताना मोजे पिळून निघाले. गवतावर दव होतं! क्लब आणि बॉलमध्ये पाणी आलं की खाचांना पकडायला काही उरत नाही, कुठलाही बॉल साबणासारखा सुटतो. आजची चाचणी बाद. प्रयोगशाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.)

२२ जानेवारी, बुधवार

तरंगण्याची चाचणी. बॉलचा गाभा मधोमध बसलाय की एका बाजूला सरकलाय, हे पाहायचं असेल तर तो खारट पाण्यात तरंगवायचा. वर येणाऱ्या जागी ठिपका काढायचा, बॉल फिरवायचा, पुन्हा वर येऊ द्यायचा. दर वेळी ठिपकाच वर आला तर बॉल एका बाजूने जड.

पहिल्या प्रयत्नात लिटरला शंभर ग्रॅम मीठ घातलं, सगळे बुडाले. मग हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. ४५.६ ग्रॅम भागिले ४०.७ घन सेंटीमीटर, म्हणजे घनता १.१२. तेवढं दाट पाणी व्हायला लिटरला दोनशे ग्रॅम तरी मीठ हवं. दोन लिटरला अर्धा किलो घातलं. बॉल अलगद वर आले, लिंबाएवढे, पांढरे पिवळे, बादलीत डोकी काढून.

बायको बाल्कनीत आली, बघत राहिली. "लोणचं घालताय?" मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अर्धा किलो मीठ घालवून कळलं काय?"

कळलं ते असं: २४ नव्या बॉलपैकी २३ कुठेही थांबतात. एकाचा ठिपका पाचपैकी चार वेळा वर आला. सापडलेल्या जुन्यांत असे तीन. माझा पट मुळातच वीतभर इकडे-तिकडे जातो, त्यात एवढ्याशा कलाने काय बिघडणार? पण ते चार बाजूला काढले.

२ फेब्रुवारी, रविवार

तीच चाचणी, आज दुपारी साडेचारला. गवत कोरडं. दर फटक्याआधी बॉल आणि वेज पुसले. बारा-बारा फटके.

क ८. ख ७. ग ३.५. घ ६.८.

ग निम्म्यावर थांबतो. सरासरी सोडा, ग चा सगळ्यात वाईट फटकासुद्धा क च्या सगळ्यात चांगल्यापेक्षा कमी पळाला. बॉल गोळा करणाऱ्या कॅडीला मी काही सांगितलं नव्हतं. सहाव्या-सातव्या फटक्याला तोच म्हणाला, "साहेब, आ बेसे छे, पेलो भागे छे." हा बसतो, तो पळतो. चार आठवड्यांचा माझा खटाटोप त्याने एका वाक्यात उरकला.

९ फेब्रुवारी, रविवार

पटिंग. वीस पट प्रत्येकी, आणि 'हाताला कसा वाटतो' याला दहापैकी गुण. वहीतून जसंच्या तसं:

क: दगड. टक्क असा आवाज. ३.
ख: मेलेला. ओल्या लाकडासारखा. पटरवरून निघताना कुंथतो. ४.
ग: दाट, भरीव. ७.
घ: जिवंत. हलकेच सुटतो, अंतराचा अंदाज लगेच येतो. आतापर्यंतचा सगळ्यात आवडलेला. ८.

मग भाच्याने कानात कापसाचे बोळे घालायला सांगितलं. वर त्याचे मोठे हेडफोन. तो एकेक बॉल ठेवणार, मी वर न बघता पट करून अक्षर सांगायचं. वीस पट, पाच बरोबर. अक्षरं चार, म्हणजे नुसता अंदाज ठोकला असता तरी पाच बरोबर आले असते. आपण ज्याला हाताची जाण म्हणतो ती बरीचशी कानात असते. क दगड वाटतो कारण तो दगडासारखा वाजतो.

तरी घ चे ८ गुण खोडले नाहीत. तो खरंच वेगळा वाटला होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

ड्रायव्हर, म्हणजे टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) लांब मारायचा क्लब. परवानगी काढून पहाटे रिकाम्या फेअरवेवर ४८ फटके, प्रत्येकी बारा. भाच्याच्या रडारने माझ्या क्लबचा वेग मोजला: ताशी ८२ मैल. मला नव्वदीची खात्री होती. तो म्हणाला, "मामा, रडारला तुमचं वय माहीत नाही." म्हणजे ते दिसतंच.

घरंगळण्यासकट सरासरी: क १९६ यार्ड, ख १९१, ग १९३, घ १९४. पण क चा सगळ्यात लांब २२१ आणि सगळ्यात आखूड १५८. एकाच बॉलमध्ये साठ यार्डांचा फरक, आणि मी चार बॉलमधले पाच यार्ड शोधतोय. वादळात अगरबत्तीचा धूर कुठे जातो ते बघण्यासारखं. सरळपणाच्या रकान्यात लिहायलाच काही नाही, चारही बॉल उजवीकडे. जन्मभर कव्हर ड्राइव्ह मारलेला हात आहे तो.

'हळू स्विंगवाल्याने कमी कॉम्प्रेशनचाच बॉल घ्यावा' हे सगळीकडे ऐकू येतं. बॉल बनवणाऱ्यांतच यावर एकमत नाही. काही जण स्विंगच्या वेगावरून बॉल सुचवतात, काही म्हणतात वेगाकडे बघूच नका. माझ्या ४८ फटक्यांत तरी मऊ बॉलने मला काही दिलं नाही.

कमरेला पट्टा. पुढचे चार दिवस नोंद नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज भाच्याचा फोन उघडला. क: दोन थरांचा, टणक, आयनोमर साल, डझनाने स्वस्त. ग: तीन थरांचा टूर बॉल, युरेथेन. २००० च्या ऑक्टोबरमध्ये लास वेगासच्या स्पर्धेत टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही १ हा बॉल पहिल्यांदा खेळला गेला, त्यानंतर दोरा गुंडाळलेल्या बॉलचे दिवस भराभर संपले. ग त्याच घराण्यातला. ख: मऊ, दोन थरांचा, आयनोमर.

आणि घ?

"घ पण तोच. ख आणि घ एकाच खोक्यातले."

मी म्हणालो, शक्य नाही. त्याने खोकं आणून दाखवलं. मार्कर पुसला. खाली एकच छाप, एकच मॉडेल, नंबरसुद्धा लागोपाठचे. मेलेला आणि जिवंत. ४ आणि ८. वहीत माझ्याच अक्षरात.

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. मग सोसायटीखाली दोन फेऱ्या मारून आलो आणि आकडे पुन्हा मांडले. पोराने न सांगता माझ्या चाचणीला कंट्रोल लावला होता (एकच बॉल दोन अक्षरांनी घालून माझीच मोजणी तपासली होती), जे मी लावायला हवं होतं. ड्रायव्हरमध्ये ख १९१ आणि घ १९४. तोच बॉल, तरी तीन यार्ड. म्हणजे तीन-चार यार्ड हा माझ्या मोजणीतलाच गोंधळ. क चे पाच यार्ड 'जास्त' त्यातच विरले. चिपमध्ये मात्र ख ७ आणि घ ६.८. तिथली मोजणी भरवशाची. मग ग चे साडेतीन खरे. आणि हाताच्या जाणिवेचा रकाना, एकाच बॉलमध्ये दुप्पट फरक दाखवणारा, सरळ फाडून टाकला.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

संध्याकाळी सुरसागर तळ्यावर गर्दी असणार, म्हणून सकाळीच वही काढली. मागच्या पाच फेऱ्यांची स्कोअरकार्डं. सरासरी ९८ फटके. त्यात ड्रायव्हर तेराच. पट ३६. ग्रीनपासून पन्नास यार्डांच्या आतले इतर फटके १९. म्हणजे निम्म्याहून जास्त खेळ ग्रीनच्या अंगणात, आणि मी ४० गुण दिले होते तेरा फटक्यांना.

नवा तक्ता: ग्रीनवर थांबणं ५०, किंमत ३५, दिसणं १५. बाकी शून्य. 'दिसणं' हा रकाना नवा. फाल्गुनात इथलं गवत वाळायला लागतं, कडुनिंबाची पानं खाली येतात, आणि माझा पांढरा बॉल मला दहा पावलांवरून दिसत नाही. शेजारच्यांना दिसतो.

किमतीचं गणित: पाच फेऱ्यांत हरवलेले बॉल ३, २, ४, १, २. बारा. फेरीला साधारण अडीच. ग चा एक बॉल म्हणजे पाच प्लेट सेव-उसळ, जादा पाव धरून. फेरीला बारा प्लेट सेव-उसळ झाडीत फेकून यायच्या, हे काही मला झेपणार नाही. आणि महागाचा बॉल टीवर ठेवला की हात आखडतो, हे वेगळंच.

भाच्याची युक्ती: टीवरून क मारा, ग्रीनजवळ ग काढा. ही युक्ती माझ्याही मनात येऊन गेली होती. नियमाला चालत नाही. टीवरून जो बॉल सुरू केला, सहसा तोच होलमध्ये घालायचा, हरवला किंवा फाटला तर गोष्ट निराळी.

भाच्याला सध्या दुसरीच चिंता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम करणाऱ्या संस्थांनी जाहीर केलं की लांबीच्या चाचणीत क्लबचा वेग ताशी १२० मैलांऐवजी १२५ धरणार, म्हणजे बॉल कमी लांब जाणार. तेव्हा ठरलं होतं ते असं: मोठ्या स्पर्धांत २०२८ पासून, सगळ्यांना २०३० पासून. तो शंभराच्या वर मारतो, त्याने काळजी करावी. मी ८२ वाला.

२ मार्च, रविवार

ग चा गरीब भाऊ शोधला. तीन थरांचा, युरेथेन सालीचाच, गाभा जरा मऊ, टूर बॉलच्या खालच्या पायरीवर विकला जाणारा. असे आता दोन-तीन कंपन्यांचे मिळतात. किंमत ग च्या साधारण दोन तृतीयांश. तीन बॉल आणून दुपारी चोवीस चिप मारल्या: ४ पावलं. ग चे साडेतीन, याचे चार. दुकानात बॉल दाबून बघणारे बरेच भेटले. अंगठ्याने कॉम्प्रेशन कळत नाही. आंबा नव्हे तो.

दोन डझन घेतले, पिवळे.

९ मार्च, रविवार

पहिली फेरी. दुपारी चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, त्यामुळे सगळे घाईत, दहाच्या आत मैदान रिकामं.

पहिल्या तीन होलला चिप आखूड पडल्या. हात अजून पळणाऱ्या बॉलच्या हिशेबाने मारतोय, अर्ध्या वाटेवर टाकून उरलेलं त्याला धावू देतोय, आणि हा धावतच नाही. पाचव्यापासून जरा पुढे टाकायला लागलो. नवव्याला पिनपासून हातभर. कॅडी म्हणाला, "बेठो." बसला.

हरवले दोन. त्यातला एक मोराने हलवला असावा अशी शंका आहे, पण पाहिला नाही, म्हणून दंड घेतला. पाहिला असता तर बॉल फुकट जागेवर ठेवता आला असता. स्कोअर ९९. त्यावर काही बोलायचं नाही.

बाभळीत शोधताना कुणाचा तरी नवाकोरा टूर बॉल सापडला. हात सवयीने खिशाकडे गेला. भाच्याला देऊन टाकला.

१६ मार्च, रविवार

आवराआवर. जुन्या ४१ पैकी तीन कापले, पंचवीस सरावाच्या पिशवीत, बारा कॅडीच्या पोराला. उरला एक, सासऱ्यांचा. तो काचेच्या कपाटात, कापलेल्या टूर बॉलच्या अर्ध्या भागाशेजारी.

भाच्याला तो एकदा मारून बघायचाय. छोटा बॉल वाऱ्यात जास्त घुसायचा म्हणतात. मी नाही म्हटलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "मारू दे की एकदा, त्यांनी तरी कुठे मारला."

बाकी कामं: (१) जुलैत ओल्या गवतावर चिपची चाचणी पुन्हा. १९ जानेवारीचे आकडे बाद केले खरे, पण पावसाळ्यात खेळायचं तर तेच उपयोगी आहेत. पाणी पडलं की साल महागाची की स्वस्तातली याने फरक पडत नसेल, तर जुलै ते सप्टेंबर क वापरावा का? (२) कंट्रोल लावायचा. भाच्याला न विचारता. (३) बाल्कनीतली मिठाच्या पाण्याची बादली रिकामी करणे. बायकोने तीनदा सांगितलंय.